प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट कमी आला तर

आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) भ्रूण गर्भाशयात सोडताना गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक औषध म्हणून देतात. तेव्हा रक्तात प्रोजेस्टेरॉन कमी दिसलं म्हणजे गोळ्या लागू पडत नाहीत, असं या चर्चेत दोघींनी लिहिलंय. ते सरसकट खरं नाही. आधी कोणतं औषध चालू आहे ते बघा. डायड्रोजेस्टेरॉन (डुफास्टॉन वगैरे) हा प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारा पण वेगळा रेणू आहे, नेहमीच्या प्रोजेस्टेरॉन चाचणीत तो मोजलाच जात नाही. माझ्या नणंदेचा रिपोर्ट असाच कमी आला आणि दोन दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही. नंतर डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं. निदान रक्त घेतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं! योनीत ठेवायच्या कॅप्सूलचंही थोडं तसंच आहे: औषध थेट गर्भाशयात जास्त पोचतं, रक्तात त्या मानाने कमी दिसतं. तरीही अशा वेळी आकडा फारच खाली असेल तर काही डॉक्टर इंजेक्शनची जोड देतात, तेव्हा विचारायला लाजू नका.

दुसरं, 'प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता औषधं बंद केली तर चालेल ना' असं विचारतात, त्याबद्दल. एस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊन गर्भाशयाचं अस्तर तयार केलेल्या सायकलमध्ये सहसा बीज सुटत नाही, त्यामुळे पीतपिंडही (बीज सुटल्यावर अंडाशयात बनणारी, प्रोजेस्टेरॉन तयार करणारी गाठ) बनत नाही. म्हणजे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास नसतंच. वार (प्लॅसेंटा) ते काम हाती घेईपर्यंत, साधारण 10 ते 12 आठवड्यांपर्यंत, बाहेरूनच द्यावं लागतं. नॅचरल सायकलमध्ये (बीज आपोआप सुटतं तेव्हा) पीतपिंड असतो, तिथे हिशोब वेगळा. तुमची सायकल कोणती होती ते फाइलमध्ये बघा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस सोडू नका.