मदत हवी आहे : ५० मीटरसाठी जुनी पॉइंट टू-टू (.२२ बोअरची) रायफल घ्यावी का?

मंडळी, मुलगी कोल्हापुरात १० मीटर एअर रायफल खेळते, २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेव्हापासून तिला पॉइंट टू-टूच हवीय. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ या कंपन्यांच्या नवीन रायफली बजेटच्या पार बाहेर. अॅन्शुट्झ कंपनीची एक जुनी, '१९१३' मॉडेलची मिळतेय, लाकडी दस्ता, गाल टेकवायची जागा घासून गुळगुळीत झालेली पण ट्रिगर एकदम लोणी. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमी, म्हणून धास्ती फक्त बॅरलची वाटते. प्रत्येक बॅरलला वेगळी गोळी मानवते, तर रायफल शिकंजात धरून दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या मारून बघणार आहे, पण ग्रुप (म्हणजे सगळ्या छिद्रांचा पसारा) किती मिमीचा आला तर चांगला समजायचा? आणि लायसन्सवर चढवायला कागदपत्रं कोणती? जुनी घेतलेल्यांनी प्लीज सांगा.