डान्स स्टेशनवर नवीन हिट आणि जुनी गाणी यांचं प्रमाण कसं ठेवायचं?

लयकारी_१२८ (प्रश्न)

२४ तासांचं ऑनलाइन डान्स स्टेशन आहे, अझुराकास्ट या इंटरनेट रेडिओच्या सॉफ्टवेअरवर. हाउस, ट्रान्स आणि थोडं डिस्को. लायब्ररीत ४० नवीन गाणी आणि साधारण १,२०० जुनी. तासाला १० नवी आणि ४ जुनी लागतात, दोन्ही याद्या रँडम. रोज ऐकणारे म्हणतात, सारखी तीच नवी गाणी लागतात. अधूनमधून येणारे म्हणतात, ओळखीचं काही कानावर पडतच नाही. शिवाय जुनं गाणं लागलं की आवाज एकदम बसतो. प्रमाण निम्मं-निम्मं केलं तर सुटेल का?

फिरतीचं_गणित

नाही सुटणार. टक्केवारी बाजूला ठेवा आणि एक गाणं किती तासांनी परत येतं ते बघा. गाण्यांची संख्या भागिले तासाला लागणारी गाणी, एवढंच. तुमचं प्रत्येक नवं गाणं सरासरी ४ तासांनी येतं, म्हणजे खरा हिट आणि कालच आलेलं अनोळखी गाणं यांना सारखाच मान. जुनं गाणं मात्र १,२०० ÷ ४ = ३०० तासांनी, साडेबारा दिवसांनी. रोज तासभर ऐकणाऱ्याला त्याचं आवडतं गाणं वर्षात एखाद-दोनदा सापडलं तर सापडलं. दोन्ही तक्रारींचं मूळ हेच आहे.

तासाला १४ गाणी धरून कॅटेगरी अशा पाडा:

पॉवर (आजचे पक्के हिट): ७ गाणी, तासाला ३
चढती (लोकप्रिय होत चाललेली): ११ गाणी, तासाला २
अगदी नवी: ७ गाणी, तासाला १
रिकरंट (पॉवरमधून नुकती उतरलेली): ३१ गाणी, तासाला ३
गोल्ड (जुनी, ओळखीची): ३७० गाणी, तासाला ५

आकडे मुद्दाम आडनिडे घेतले आहेत. पॉवरमध्ये ६ गाणी, तासाला २ आणि ठरलेला क्रम असेल तर फेरा बरोबर ३ तासांचा होतो. ३ ने २४ ला पूर्ण भाग जातो, म्हणून रोज सकाळी ८ च्या पहिल्या जागी तेच गाणं येतं. रोज त्याच वेळी ऐकणारा आठवड्यात वैतागतो. वरच्या आकड्यांत पॉवरचा फेरा २ तास २० मिनिटांचा आहे, तो रोज सरकतो. गोल्डचा ७४ तासांचा, म्हणजे जुनं गाणं तीन दिवसांनी आणि आधीपेक्षा दोन तास पुढे.

उरलेली ८३० जुनी गाणी फेकू नका, विश्रांतीवर ठेवा. दर महिन्याला ४० आत, ४० बाहेर. पॉवरमधून उतरलेल्या हिटलाही लगेच रिकरंटमध्ये टाकू नका, दोन-तीन आठवडे पूर्ण थांबवा. सर्वाधिक वाजल्यानंतरचा कंटाळा तेव्हाच सगळ्यात ताजा असतो.

कानसेन_डेसिबल

आवाज बसतो तो मास्टरिंगमुळे, म्हणजे गाण्याचा आवाज शेवटी ज्या पातळीवर बसवलेला असतो त्यामुळे. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सीडी बऱ्याचदा −१६ ते −१३ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) आसपास असतात, आजचे क्लब मास्टर −८ किंवा त्याहूनही वर. जुनं वर ढकलून −८ ला नेलंत तर लिमिटर (मर्यादेबाहेरचा आवाज दाबणारं साधन) किक ड्रमचा ठोकाच खातो. म्हणून नवं खाली आणा. सगळी लायब्ररी −१६ एलयूएफएस, ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) −१ डीबी. नुसतं पीक नॉर्मलाइज करून काही होत नाही. दोन्ही गाण्यांचं पीक शून्याला टेकलेलं असतं, फरक सरासरीत असतो.

जुनं गाणं घेताना रिमास्टरपेक्षा मूळ सीडी किंवा सिंगल शोधा. रिमास्टरमध्ये कित्येकदा आवाज आधीच दाबलेला असतो आणि तो परत सुटत नाही.

दोन गाण्यांच्या जोडणीबद्दल: १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) एक्स्टेंडेड मिक्समध्ये, म्हणजे गाण्याच्या लांब क्लब आवृत्तीत, ३२ बारचा (चार ठोक्यांचा एक बार) इंट्रो असेल तर तो बरोबर एक मिनिट चालतो. क्लबमध्ये छान, रेडिओवर लांबड. क्यू पॉइंट (गाणं जिथून सुरू करायचं ती खूण) इंट्रोच्या शेवटच्या ८ बारवर लावा, १५ सेकंद राहतात. सत्तरच्या दशकातलं बरंच डिस्को खऱ्या ड्रमरवर आहे, त्याचा टेम्पो हलतो; ऑटोमॅटिक बीटग्रिडवर (सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या जागांवर) लांब मिक्स केलंत तर दहाव्या-बाराव्या ठोक्याला दोन गाण्यांचे ठोके सुटतात आणि घोडे उधळतात. तिथे ४ बारचा मिक्स किंवा सरळ जिंगल. आणि टेम्पो ताणायचाच तर ±४ टक्क्यांच्या आत, त्यापुढे गायकाचा आवाज उघडा पडतो.

टॅगशुद्धी

टॅग (गाण्याच्या फाइलमधली नाव, कलाकार, साल ही माहिती) चुकीचे असतील तर वरचं सगळं वाया जातं. डान्समध्ये एकच गायिका पाच निर्मात्यांच्या गाण्यांत असते. कलाकाराच्या रकान्यात ‘अमुक फीचरिंग तमुक’ असं एकत्र लिहिलं असेल तर सॉफ्टवेअर त्याला वेगळाच कलाकार समजतं आणि तिचाच आवाज सलग दोनदा येतो. निर्माता, गायक, रीमिक्सर वेगवेगळे नोंदवा, एकाच व्यक्तीच्या दोन गाण्यांत अंतर किमान ७५ मिनिटं. एका गाण्याच्या सगळ्या रीमिक्सना एकच शीर्षक द्या. सालही तपासा: संकलनातून घेतलेल्या १९९४ च्या गाण्यावर २०१२ छापलेलं असतं आणि एकाच दशकातली दोन गोल्ड सलग न लावण्याचा नियम तिथेच मोडतो.

एक खास नियम हवाच. जुनी धून घेऊन केलेलं नवं गाणं आणि तिचं मूळ गाणं एकमेकांच्या जवळ नकोत. डेव्हिड गेटा आणि बीबी रेक्सा यांचं २०२२ चं ‘आय अॅम गुड’ हे आयफेल ६५ च्या १९९८ च्या ‘ब्लू’वर उभं आहे, दोन्ही एका तासात लागली तर ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन अडकलं. अशा जोड्यांना एक समान खूण द्या, अंतर ३ तास.

क्रमात अगदी नवं गाणं नेहमी दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये. गोल्डनंतर शक्यतो लगेच पॉवर, म्हणजे स्टेशन जुनाट वाटत नाही. एकाच दशकातली दोन गोल्ड सलग नकोत.

लयकारी_१२८

कळलं. पण हे अझुराकास्टमध्ये बसवायचं कसं? तिथे क्लॉक (तासात कोणत्या जागी कोणत्या कॅटेगरीचं गाणं, याचा आराखडा) दिसत नाही.

फिरतीचं_गणित

पाच याद्या करा, प्रकार साधा, वेट अनुक्रमे ३, २, १, ३, ५. सरासरीत हाच तास तयार होतो. क्रम ‘रँडम’वरून ‘शफल्ड’वर आणा: रँडम दर वेळी नव्याने चिठ्ठी काढतो, शफल्ड पूर्ण यादी संपवून मगच पुन्हा पिसतो. डुप्लिकेट टाळण्याची मुदत ७५ मिनिटं.

वेट म्हणजे फक्त शक्यता, त्यामुळे कधी कधी तीन गोल्ड सलग येतीलच. ‘दोन ओळखीच्यांच्या मध्ये नवं’ हा नियम त्यात बसत नाही. तो काटेकोर हवा असेल तर बाहेरच्या शेड्युलिंग सॉफ्टवेअरमध्ये रोजचा लॉग (गाण्यांची क्रमवार यादी) बनवून एम३यू (प्लेलिस्टची फाइल) म्हणून चढवा आणि ती यादी ‘सीक्वेन्शियल’ ठेवा.

कानसेन_डेसिबल

लॉग चढवत असाल तर क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं चढणं) २ सेकंदांच्या आत ठेवा. दोन किक एकमेकांवर आल्या की लो एंडचा (खालच्या, बेसच्या आवाजाचा) चिखल होतो, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तो कळतसुद्धा नाही. हेडफोनवर तपासा.