मदत हवी आहे: पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला बसू देतात का?

नमस्कार मंडळी. माझे सासरे निवृत्त शिक्षक, मोडी सफाईने वाचतात. घरातली लाल फडक्यात बांधलेली दप्तरं वाचून संपली. भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांना पाठ आहे. भांडारकर संस्था सुचवाल, पण तिथला संग्रह मुख्यतः संस्कृत-प्राकृत. यांना मराठी हवं.

आता विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयाचा ध्यास घेतलाय. (पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर, त्यांचं नाव. हल्ली 'ज्ञानस्रोत केंद्र' म्हणतात, पण आमच्या घरी ते ग्रंथालयच.) विद्यार्थी नसलेल्याला तिथे निदान बसून वाचण्यापुरता पास मिळतो का? शिफारसपत्र लागतं? हस्तलिखित प्रत्यक्ष हातात देतात की स्क्रीनवरच दाखवतात? कागदाला हात लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून विचारते.

शिवाय १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या सुमारास ग्रंथप्रदर्शन, व्याख्यान वगैरे सगळ्यांना खुलं असतं का? नुसतं फीत कापून फोटो काढणं असेल तर स्पष्ट सांगा, आम्ही घरीच बरे.

आणि हो, गणेशखिंडीच्या गेटातून रिक्षा थेट ग्रंथालयापर्यंत सोडतात का? त्यांचे गुडघे कुरकुरतात.