ग्रीनस्लीव्ह्जचा वारसा कोणाचा: लंडनच्या दुकानाचा की किंग्स्टनच्या टेपेचा?

खर्जषड्ज

रेगेचा विषय निघाला की आपल्याकडची गाडी बॉब मार्लीपासून सुटते आणि मार्लीपाशीच थांबते. मार्ली १९८१ मध्ये गेला. त्याच्या आगेमागे जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये डान्सहॉल उभं राहत होतं: लय संथ, वाद्यं मोजकी, खर्ज पुढे आणि माइकवर तोंडाळ 'डीजे'. हा सगळा काळ आज आपल्याला नीट ऐकायला मिळतो त्याचं मोठं श्रेय मी ग्रीनस्लीव्ह्ज या लंडनच्या स्वतंत्र लेबलला देतो. धागा त्यावरच आहे.

थोडक्यात पार्श्वभूमी. ख्रिस क्रॅकनेल आणि ख्रिस सेजविक यांनी १९७५ मध्ये वेस्ट ईलिंगला रेकॉर्डचं दुकान काढलं आणि १९७७ मध्ये त्याच नावाचं लेबल. पहिली एलपी डॉ. अलिमँटाडोची, १९७८ ची. मग हेन्री 'जंजो' लॉज या निर्मात्याशी सूत जुळलं आणि बॅरिंग्टन लेव्ही, वेलिंग सोल्स, ईक-अ-माउस, यलोमन अशी रांगच लागली. संगीत लेबलने घडवलं नाही, हे कबूल. पण किंग्स्टनमध्ये सात इंची तबकडीवर गाणं निघायचं, गाजायचं आणि पुढच्या महिन्यात नव्या रिडिमखाली (बेस-ड्रमचा तयार ठेका, ज्यावर अनेक जण गातात) गाडलं जायचं. त्याला एलपी, बारा इंची, कॅटलॉग क्रमांक आणि देखणं वेष्टन देऊन यांनी ते बाजारात टिकवलं. माझ्या मते हेही सर्जनच.

चौपट्टी

वितरकाला वारसदार करताय, म्हणून हरकत.

आधी काम कुठे होत होतं ते पाहा. तालाचा भाग मॅक्सफील्ड अव्हेन्यूवरच्या चॅनेल वन स्टुडिओत वाजायचा. वादक रूट्स रॅडिक्स: बेसवर फ्लॅबा होल्ट, ड्रमवर स्टाइल स्कॉट, गिटारवर बिंगी बनी. तिथून टेप जायची वॉटरहाउसमधल्या ड्रोमिली अव्हेन्यूवर, किंग टबी या मिक्सिंग अभियंत्याच्या घरातल्या छोट्या खोलीत. त्या टेपेवर चारच पट्ट्या. साधारण एकीवर ड्रम, दुसरीवर बेस, तिसरीवर गिटार-कीबोर्ड, चौथीवर आवाज. डब म्हणजे या चार पट्ट्या उघडबंद करत केलेलं एक सलग वादन. चुकलं की टेप मागे घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

टबीच्या एमसीआय कन्सोलवर (मिक्सिंगच्या टेबलावर) एक मोठी खटकेदार खुंटी होती. जिथे लावाल त्याखालचे सूर ती कापत जायची, ७० हर्ट्झपासून साडेसात हजारांपर्यंत टप्प्याटप्प्याने. हाय-हॅट (ड्रमवरची झांज) कागदासारखी पातळ होत होत नाहीशी होते आणि मग बेस धाडकन परत येतो, ती करामत याच खुंटीची. त्यासाठी लंडनमधल्या कोणाचंही बोट हललेलं नाही. टबीच्या हाताखालचा तरुण हॉपेटन ब्राउन, म्हणजे सायंटिस्ट, हे करत होता.

तबकडीवाली

चौपट्टी, टेपेवरचं सगळं मान्य. पण टेप कोणी घरी नेऊन ऐकत नाही, लोक तबकडी ऐकतात. आणि तबकडी हा वेगळा धंदा आहे.

जमैकन सात इंचीच्या दोन ठरलेल्या तक्रारी. पहिली, विनाइलमध्ये पुन्हा वितळवलेला माल, त्यामुळे सतत चरचर. दुसरी, भोक मध्यावर नसणं. हिशेब करा: भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल आणि सुई केंद्रापासून ६० मिलिमीटरवर असेल, तर वेग दर फेरीला ०.८३ टक्का वर आणि तेवढाच खाली जातो. म्हणजे अर्ध्या स्वराचा सुमारे सातवा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ४५ फेऱ्यांच्या वेगाने हा झोका सेकंदाला पाऊण वेळा येतो आणि लांबवलेला ऑर्गनचा सूर चक्क डुलायला लागतो.

आता बारा इंची. खर्जाची खाच रुंद लागते, आणि सात इंचीवर तेवढी जागाच नसते. तिथे साडेतीन-चार मिनिटांपलीकडे गेलं की एक तर आवाजाची पातळी उतरवा किंवा बेस छाटा. बारा इंचीच्या बाहेरच्या कडेला ४५ वर खाच सुईखालून सेकंदाला जवळजवळ ६९ सेंटिमीटर सरकते, सात इंचीवर जेमतेम ४०. जितकी लांबी जास्त, तितके वरचे सूर स्वच्छ. म्हणून एकाच बाजूला आधी गाणं आणि त्याला जोडूनच डब किंवा डीजेचा भाग, सात-आठ मिनिटं, भरघोस खर्जासकट बसतो. याला 'डिस्कोमिक्स' म्हणतात. त्याचा शोध ग्रीनस्लीव्ह्जने लावला नाही, पण त्यांच्या बारा इंची तबकड्यांच्या जीआरईडी मालिकेने तो सातत्याने आणि बऱ्या प्रेसिंगवर दिला.

चौपट्टी

बरं प्रेसिंग म्हणजे मवाळ कटिंग (तबकडीची खाच कोरणं), हेही लिहा. जमैकन कट बेसुमार गरम असतो. खर्ज दणकट, वरची पट्टी कर्कश, सुई उडेल की काय अशी भीती. साउंड सिस्टिमच्या (मैदानात खोके लावून तबकड्या वाजवणाऱ्या ताफ्याच्या) माणसाला तेच हवं, कारण त्याचे खोके कपाटाएवढे आणि मैदान उघडं. इंग्लंडमध्ये कापणारा अभियंता घरच्या प्लेअरचा विचार करतो. कोणता 'खरा' हे ठरवताना तुम्ही कुठे उभे आहात ते आधी सांगा.

डबक्यातला बेडूक

चित्रांबद्दल कोणी बोलत नाही का? सायंटिस्टच्या डब अल्बमांवरची टोनी मॅकडरमॉटची मुखपृष्ठं! रक्तपिपासू व्हॅम्पायर, अंतराळातून आलेले शत्रू, पॅक-मॅन, विश्वचषक. रेगे म्हणजे सिंह, जटा आणि तिरंगी पट्टे, या समजुतीला त्यांनी सुरुंग लावला. १९८१-८२ चं ते व्हिडिओ गेमचं वेड तबकडीवर आलं ते लंडनच्या टेबलावरून.

चौपट्टी

तिथेच तर मेख आहे. चित्रात नायक सायंटिस्ट, शीर्षकात सायंटिस्ट, आणि मालकी? त्या मिक्सचे अल्बम निघतील याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं तो सांगत आला आहे. २००१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' या गेममधल्या के-जाह या रेडिओ केंद्रावर व्हॅम्पायरवाल्या अल्बममधले ट्रॅक वाजले. जगभरच्या पोरांच्या कानात डब शिरलं ते असं. हक्कांवरून सायंटिस्टचा लेबलशी जाहीर वाद झाला, आणि २०१६ मध्ये हाच अल्बम पुन्हा निघाला तेव्हा मुखपृष्ठावर 'जंजो प्रेझेंट्स' आलं, सायंटिस्टचं नाव गेलं. ज्याचं नाव विकून पस्तीस वर्षं माल खपवला त्याचंच नाव खोडायचं. हा वारसा?

खर्जषड्ज

नाव काढणं मलाही खटकलं. पण कायद्याची बाजू इतकी सरळ नाही. टेपेचा पैसा, वादकांची मजुरी, स्टुडिओचं भाडं जंजोने दिलं. जमैकातल्या रिवाजाप्रमाणे टेपेचा धनी निर्माता, आणि ग्रीनस्लीव्ह्जने करार त्याच्याशी केला. मिक्स करणाऱ्याला त्या व्यवस्थेत कारागीर मानत. स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा जमैकात १९९३ मध्ये आला, तोवर १९११ च्या ब्रिटिश कायद्यावरच भागवलं जात होतं. अन्याय झाला असेल, पण त्याची सुरुवात लंडनमध्ये झाली नाही.

लेहरेवाला

मुळात रिडिमचा कोणी मालक असतो ही कल्पनाच अवघड आहे. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर लेहरा धरतात. तीच ओळ तासभर, वर तबलजी काय हवं ते वाजवतो. रिडिम म्हणजे तो लेहरा. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये १९६७ मध्ये वाजलेली बेसची ओळ रूट्स रॅडिक्स १९८० मध्ये संथ करून पुन्हा वाजवतात, त्यावर दहा जण गातात. चंद्रकंसाचा लेहरा कोणाचा म्हणून कोर्टात जाल का?

चौपट्टी

उपमा अर्धीच लागते. लेहरा विकून कोणाचं घर चालत नाही. इथे तीच ओळ तबकडीवर छापून विकली जाते आणि पैसे एका ठरावीक खिशात जातात. उदाहरण ग्रीनस्लीव्ह्जचंच घ्या. शॅगीचं 'ओ कॅरोलिना' १९९३ मध्ये त्यांनी काढलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतंत्र रेगे लेबलसाठी मोठाच पराक्रम. मूळ गाणं फोक्स ब्रदर्सचं, निर्माता प्रिन्स बस्टर. पैसा दिसू लागताच गाणं लिहिलं कोणी हा प्रश्न उभा राहिला. लंडनच्या न्यायालयाने १९९४ मध्ये जॉन फोक्सच्या बाजूने निकाल दिला. बस्टर हरला. म्हणजे मालक शोधता येतो, शोधायची इच्छा असली की.

लेहरेवाला

मग हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं! गाणं लंडनहून गाजलं म्हणूनच लिहिणाऱ्याला न्याय मिळाला.

ईलिंगकर

'स्लेंग टेंग' राहिलंच. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी किंग्स्टनच्या वॉल्थम पार्क रोडवर निर्माता प्रिन्स (नंतर 'किंग') जॅमीच्या साउंड सिस्टिमची ब्लॅक स्कॉर्पियो या दुसऱ्या साउंडशी जुगलबंदी झाली आणि वेन स्मिथच्या या गाण्याने मैदान मारलं. ड्रम नाही, बेस गिटार नाही. नोएल डेव्हीचा कॅसियो एमटी-४० हा छोटा कीबोर्ड, त्यातला 'रॉक' हा तयार ठेका, वेग उतरवलेला. ब्रिटनमध्ये ते ग्रीनस्लीव्ह्जने काढलं. लेबलचा तोवरचा बराचसा गल्ला रूट्स रॅडिक्सच्या हाडामांसाच्या वादनावर उभा होता. तो प्रकार मोडीत काढणारी तबकडी त्यांनी स्वतःच विकायला घेतली. याला कान लागतो. पुढे १९८८ मध्ये गसी क्लार्कचं डिजिटल काम, ग्रेगरी आयझॅक्सचं 'रूमर्स', तेही यांच्याकडेच.

चौपट्टी

कान की गल्ला? जे गाणं किंग्स्टनमध्ये आधीच जिंकलेलं, ते घ्यायला कानाची गरज नसते, विमानाच्या तिकिटाची असते. आणि श्रेयाचं म्हणाल तर तो ठेका कॅसियोत बसवला ओकुदा हिरोको या तरुण अभियंता-संगीतकार बाईने. तिचं नाव कोणत्या तबकडीवर होतं? जॅमीच्याही नाही, हे माझ्याच बाजूला चिमटा म्हणून घ्या.

तबकडीवाली

वारशात खोट काढायचीच असेल तर ती २००० नंतरच्या रिडिम अल्बमांत काढा. एक रिडिम, त्यावर वीसेक गायक, एक सीडी. सत्ताविसावा अल्बम 'दिवाळी', लेंकी मार्सडेनचा, २००२ चा. शॉन पॉल, वेन वंडर सगळे त्या टाळ्यांच्या ठेक्यावर. (नाव आपल्या सणाचं आहे, म्हणून आत सनई शोधू नका.)

ऐकणाऱ्याला सोय झाली: वीस सात इंची घ्यायच्या तिथे एक सीडी. वाजवणाऱ्याची गोची वेगळी. जगलिंग करताना एकाच रिडिमची दोन गाणी दोन प्लेअरवर हवीत. गाण्यातून गाण्यात उडी मारताना रिडिम तुटता कामा नये, बदलायचा तो फक्त आवाज. त्यासाठी अल्बमच्या दोन प्रती लागतात. शिवाय सात इंचीच्या पाठीवर नुसता रिडिम, म्हणजे 'व्हर्जन' असायचं. त्यावर माइक घेऊन कोणीही नवखा पोरगा उभा राहू शकत होता. ती पाठच गेली. आणि सलग वीस वेळा तीच बेस लाइन घरी बसून ऐकणं म्हणजे नुसता लेहराच की हो, तबलजी बदलत राहतात एवढंच.

लेहरेवाला

आम्हाला चालतं ते!

डबक्यातला बेडूक

विषयांतर आहे, पण उपयोगी. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला जुना बेल्टवाला प्लेअर असेल आणि त्याची मोटर थेट एसीवर चालणारी असेल, तर नुसता ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तबकडी सहाव्या हिश्शाने हळू फिरते, सूर तीन अर्ध्या स्वरांहून थोडा जास्तच उतरतो. रेगे मुळातच संथ असल्यामुळे कित्येकांना ते चुकीचं आहे हे कळतही नाही, उलट 'काय भारदस्त बेस आहे' म्हणून खूश. मोटरवरची कप्पी ५० हर्ट्झची हवी. व्यास एक पंचमांशाने मोठा.

ईलिंगकर

😀 यावर वेगळा धागा काढा. मूळ मुद्द्यावर: २००६ मध्ये संस्थापकांनी लेबल विकलं, २००८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या व्हीपीने घेतलं. व्हीपी म्हणजे व्हिन्सेंट आणि पॅट्रिशिया चिन, किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवरचं रँडीज हे दुकान चालवणारं जोडपं. म्हणजे फिरून माल जमैकन घराण्याकडेच आला. चौपट्टींची तक्रार तिथे तरी मिटावी.

चौपट्टी

नाव खोडलं ते २०१६ मध्ये, म्हणजे याच घराण्याच्या काळात. लंडन की किंग्स्टन हा माझा वादच नाही. टेपेवर हात कोणाचा आणि वेष्टनावर नाव कोणाचं, एवढंच विचारतोय.

खर्जषड्ज

मग व्हॅम्पायरवाला अल्बम घेणाऱ्याने कोणता घ्यावा? जुना महाग, नवा सहज मिळतो.

चौपट्टी

नाइलाजाने सांगतो, नवा. कारण त्यात डबसोबत मूळ गायकीचे ट्रॅक आहेत. आधी गाणं लावा, बेसकडे लक्ष ठेवा. मग त्याच गाण्याचं डब लावा आणि कुठल्या मात्रेवर गिटारची पट्टी बंद झाली, आवाजाचा कोणता तुकडा एकोत (प्रतिध्वनीत) सोडला, ते वहीत लिहा. दोन-तीन फेऱ्यांत त्या खोलीत नक्की काय चाललं होतं ते कळतं. आणि वेष्टनावर मार्करने सायंटिस्टचं नाव लिहून टाका, किंमत उतरली तरी चालेल.

तबकडीवाली

मार्कर आतल्या कागदी पाकिटावर चालवा. शाई लॅमिनेशनवर पसरते आणि शेजारच्या वेष्टनालाही लागते.