मदत हवी आहे: गोव्यात राहून एव्हरेस्ट बेस कँपची तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात मी आणि धाकटी बहीण एव्हरेस्ट बेस कँपला निघतोय. आम्ही म्हापशाचे, म्हणजे समुद्रसपाटीवरचेच. गोव्यातला सर्वांत उंच सोसोगड जेमतेम हजारभर मीटर, आणि बेस कँप 5,364! चढाईची सवय इथल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांत होईल, विरळ हवेची इथे कशी होणार? वाटेतल्या नामचे (3,440 मीटर) आणि दिंगबोचे या गावांत एकेक दिवस जादा थांबणार आहोत. त्यापुढच्या लोबुचेलाही थांबावं का? बहिणीला सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे उंचीवरचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीची मला खूप काळजी वाटते. डॉक्टरांना विचारणारच, पण ती गोळी न घेता कोणी जाऊन आलंय का? आणि भर पावसात पाठीवर वजन घेऊन सराव तुम्ही कुठे करता?