हेअरवॉशच्या नळाला झिणझिण्या येतात, वायरमन म्हणतो काही नाही

शॅम्पूवाली_कराड

कराडला माझं छोटं पार्लर आहे, भाड्याच्या गाळ्यात. दोन खुर्च्या, एक हेअरवॉशचं बेसिन. नऊ वर्षांत विजेची कधी कटकट नव्हती. गेल्या आठवड्यात एका काकूंचे केस धुताना त्या एकदम उठून बसल्या, "अगं, पाण्यातून करंट येतोय!" मी नळाला हात लावला तर खरंच झिणझिण्या. गिझर बंद केला की थांबतं. पाइपलाइन गाळ्याची जुनी, लोखंडी आहे.

वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, म्हणाला, नुसता मिणमिणतोय, रिटर्न करंट आहे, रबरी चप्पल घालत जा. मी चप्पल घालेन हो, गिऱ्हाइकाच्या डोक्याला काय घालू?

दुसरं, ड्रायर आणि स्टीमर एकदम लावले की एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा. त्याच वायरमनने दिवाळीआधी 16 अँपियरचा काढून 32 चा बसवला. आता पडत नाही, पण बोर्डाला हात लावला तर कोमट लागतो. हे दोन्ही एकाच कारणाने होतंय का? गाळामालकाला सांगू की महावितरणला?

तारजोड

ताई, आधी गिझरचा स्विच बंद करा आणि तो दुरुस्त होईपर्यंत पातेल्यात पाणी तापवा. बाकीचं नंतर वाचा.

22 वर्षं हेच काम करतोय. "रिटर्न करंट" हा शब्द ऐकला की मला राग येतो. गिझरची कॉइल गळायला लागलीय आणि गळलेला करंट जायला अर्थिंग नाही, म्हणून तो नळापर्यंत येतोय. अर्थिंग नीट असतं तर तो हिरव्या वायरने जमिनीत गेला असता, नळाला काही जाणवलं नसतं. टेस्टरवर विसंबू नका. त्यातला निऑन नगण्य करंटवरही मिणमिणतो आणि खरा धोका असतानाही तेवढाच मिणमिणू शकतो. चप्पलही विसरा. ओल्या अंगाचा विरोध फार तर हजार ओहमच्या आसपास, वर 230 व्होल्ट, म्हणजे 230 मिलिअँपियर. 30 च्या पुढेच जिवाचा प्रश्न सुरू होतो.

आता एमसीबी. हा वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ड्रायर 2000 वॅट, स्टीमर 800, गिझर 2000, वॅक्स हीटर 100, सगळं एकदम चाललं तर 4900 भागिले 230, साधारण 21 अँपियर. 16 चा पडणारच, तो त्याचं काम करत होता. जुन्या गाळ्यात बहुतेक वेळा दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर असते. तिच्यावर 32 चा एमसीबी बसवला की आधी वायर वितळेल, मग एमसीबी पडेल. बोर्ड कोमट लागतो ते त्यामुळेच. जुना 16 चा (वायर दीडची निघाली तर 10 चा) परत लावा, गिझरला मेन बोर्डापासून 4 स्क्वेअरची वेगळी लाइन घ्या.

माणसासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलिअँपियरचा. तो फेजने (करंट आणणाऱ्या वायरने) गेलेला करंट न्यूट्रलने (परतीच्या वायरने) तेवढाच परत आला का हे बघतो. कमी आला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. अर्थिंग मात्र तरीही करून घ्या. ते नसेल तर आरसीसीबी कुणाला तरी करंट लागल्यावरच पडेल.

महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. पुढचं तुमचं नाहीतर मालकाचं. वायरमन परमिटवाला बघा, आणि तो फेज-अर्थवर 100 वॅटचा बल्ब लावून अर्थिंग तपासेल तेव्हा गिझर-बेसिनला कुणी हात लावायचा नाही.

नाशिकची_ब्युटिशियन

ताई, पेडिक्युअरचा टबही बघा. माझ्याकडे व्हायब्रेशन आणि हीटरवाला आहे. पाणी तापवायचं, पिन काढायची, मग गिऱ्हाइकाने पाय घालायचे. मुली उलटं करतात, पाय पाण्यात असताना ओल्या हाताने पिन लावतात. मी रोज ओरडते. ड्रायरचंही तेच, बेसिनच्या काठावर ठेवायचाच नाही. बटण बंद असलं तरी पिन लावलेली असेल तर आत वीज असते.

कोर्समध्ये गॅल्व्हॅनिक फेशियल शिकताना सांगितलं होतं, चेहऱ्याला 1 मिलिअँपियरच्या आसपासच करंट द्यायचा, आणि गळ्यातलं, कानातलं काढायला लावायचं. पेसमेकर असेल किंवा गरोदर असेल तर मशीनच लावायचं नाही. मंगळसूत्र काढा म्हटलं की निम्म्या बायका नाराज होतात, मग मी साधं फेशियल करते.

शॅम्पूवाली_कराड

तारजोडदादा, दुसरा माणूस आणला. बोर्ड उघडला तर तीन पिनच्या सॉकेटमधली हिरवी वायर गुंडाळून आत कोंबलेली, कशालाच जोडलेली नाही. गिझरच्या कॉइलला भेग निघाली. वायर दीडचीच होती. मालक म्हणाला, नऊ वर्षं चाललं ना? शेवटी अर्थिंग मी माझ्या पैशाने करून घेतलं, मागच्या बोळात खड्डा काढून. गिझरला नवी लाइन टाकली, आरसीसीबी बसवला, लोड 40 अँपियरपर्यंत झेपणारा आणि गळती 30 मिलिअँपियरची झाली की पडणारा. त्या काकूंना फोन केला, पण अजून आल्या नाहीत.

आता नवीनच. वॅक्स हीटर लावला की पाच मिनिटांत आरसीसीबी पडतो. आधी हीटर अगदी छान चालायचा.

तारजोड

छान चालत नव्हता, आधी सांगणारं कुणी नव्हतं. तीन पिनवाला आहे ना? वॅक्स उतू जाऊन आत स्विचपर्यंत गेलं असेल, नाहीतर कॉइल बॉडीला टेकत असेल. पिन काढून ठेवा आणि दुसरा वापरा. आणि कुणी "आरसीसीबी बायपास करून देतो" म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

शॅम्पूवाली_कराड

चहा झालाय. पहिलाच वायरमन होता, पावती मागायला आला होता.