'शेतकऱ्यांचीकेळी.भारत' एका मोबाइलवर उघडतं, दुसऱ्यावर नाही. विचारायचं कुणाला?

रावेरकर: राम राम मंडळी. रावेरच्या केळी उत्पादक गटासाठी हे नाव नोंदवलंय. दुसऱ्या मोबाइलवर तेच टाइप केलं तर साइट सापडत नाही. तक्रार रजिस्ट्रारकडे (ज्या कंपनीकडून नाव घेतलं ती) करायची, निक्सीकडे (.भारत नावांचा कारभार पाहणारी संस्था) की थेट आयकॅनकडे (जगभरच्या इंटरनेट नावांची संस्था)?

तापीकाठ: भाऊ, तूर्त कुणाकडेच नको. घोळ 'ऱ्या'मध्ये आहे. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो: खाली नुक्ता असलेला ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे), य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण डीएनएसपर्यंत (नावावरून साइटचा पत्ता शोधणारी यंत्रणा) देवनागरी जातच नाही. ब्राउझर आधी त्याचं प्युनिकोड (रोमन अक्षरं-आकड्यांतलं रूप) करून 'एक्सएन'ने सुरू होणारं नाव बनवतो. आतली चिन्हं वेगळी म्हटल्यावर नावही वेगळं. जुनी सॉफ्टवेअर तर जोडचिन्ह गाळूनच टाकतात आणि रफाराचं 'शेतकर्यांची' शोधत बसतात! इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे, डी, स्लॅश या क्रमाने टंका. नोंदणीतलं प्युनिकोड आणि दुसऱ्या मोबाइलवर तयार होणारं, दोन्ही अक्षर न अक्षर ताडून पाहा. नोंदणीच जोडचिन्हाची निघाली, तर नुक्त्याच्या ऱचं नाव नव्याने घ्यावं लागेल.

धुळे_नेटवर्क: बरोबर. आयकॅनला लिहून हाती काही लागणार नाही. ही १९९८ सालची कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था, इंटरनेटच्या मूळ यादीत .भारत बसवणं तिचं काम, पण देशाच्या डोमेनमधल्या एकेका नावाचा कारभार तिच्याकडे नसतो. तो २००३ साली स्थापन झालेल्या निक्सीकडे. तीही ना-नफा. म्हणून तक्रार करावीच लागली तर आधी रजिस्ट्रार, मग निक्सी. 'ऱ'ला संगणकातला क्रमांक देतं युनिकोड कन्सोर्शियम, आणि प्युनिकोडचा नियम इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफचा (नियमपत्र आरएफसी ३४९२, २००३). नियमातच खोट वाटली तर आयईटीएफच्या मेलिंग लिस्टवर कुणीही लिहू शकतं, सभासद वगैरे व्हावं लागत नाही. तुमच्या बाबतीत नियम ठीक आहे, गफलत कीबोर्डची आहे.

रावेरकर: ईमेलही मराठीतच घ्यावा का?

तापीकाठ: घ्या, पण बिलावर छापू नका. देवनागरी पत्त्याला वाटेतल्या प्रत्येक मेल सर्व्हरवर एसएमटीपीयूटीएफ८ (रोमनखेरीज इतर लिपींतले पत्ते हाताळायची सोय) लागतं. नियम २०१२ पासून आहे, तरी कितीतरी फॉर्म अजून 'पत्ता अवैध' म्हणतात. व्यापाऱ्यांसाठी रोमन .इन नाव जोडीला ठेवा, ते मराठी साइटकडे वळवा.

धुळे_नेटवर्क: आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये व एसएसएल प्रमाणपत्रात (साइटच्या सुरक्षित जोडणीचा दाखला) प्युनिकोडचंच रूप घाला. देवनागरी तिथे चालत नाही.